बस

अल-खुवैरमध्ये, औषधांच्या दुकानाच्या वर
आमची खोली: एक टेबल, दोन बुटक्या खुर्च्या
आणि एसीची घरघर, जिच्यासाठी नोंदवहीत रकाना नाही.
रकाने तीनच.
आधी काय झालं. त्याने काय केलं. नंतर काय झालं.
मनात काय होतं हे लिहायचं नाही.
मन दिसत नाही. हात दिसतो.

यारुब, वय सहा.
खजूर नको, हलवा नको, टाळ्या तर मुळीच नकोत.
त्याला हवं पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण,
टेबलावर भिरभिरवायला.
ते मी मुठीत ठेवते, जमलं की मूठ उघडते.
याला प्रबलन म्हणतात.
आमच्या मिरजेत लालूच म्हणतील;
पण लालूच आधी दाखवतात, हे नंतर देतात,
आणि सगळं शास्त्र त्या एका नंतरवर उभं आहे
असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. नोकरी लागली.

एकवीस दिवस आलेखाची रेघ खालीच.
आधी: मी म्हटलं "इजलिस", खुर्ची दाखवली.
त्याने: बसला. चार सेकंदांत उठला. दाराकडे.
नंतर: मी धरून आणला. किंकाळी.
स्वतःच्याच मनगटाला चावा.
एका सकाळी एकोणीस वेळा.
रुला मॅडमनी कडेला लिहिलं: काम टाळतो आहे.
सुटका देऊ नका, आधी उसळेल, मग विझेल.
उसळलं.
विझायचं काही नाव नाही.

कोपऱ्यात सुजीवा, त्याला सांभाळणारी,
त्याचे बूट मांडीवर घेऊन रोज चार तास.
तिला कोणी काही विचारत नाही, मीही नाही.
बाविसाव्या दिवशी तीच म्हणाली, बुटाची नाडी सोडवत:
"दीदी, तुम उसको बस बोलता,
फिर पकडता क्यों?"

मी?

मी. तो टेकला रे टेकला की
मी पुटपुटायचे, सवयीने, लाडाने,
बस राजा, बस.
आणि इथल्या बोलीत बस म्हणजे
पुरे. झालं. ऊठ आता.
पोर शब्दाला जागत होतं.
मी मोकळं सोडायचे, तो निघायचा,
निघाला की मी दंड धरायचे.
चारशेवर नोंदी, सगळ्या माझ्या अक्षरात,
आणि एकीतही माझा आवाज नाही.
लाज ही की माझ्याही भाषेत बस म्हणजे पुरेच.
"आता बस झालं" ऐकत तर मी मोठी झाले.

ते एकवीस दिवस खोडले नाहीत.
तुटक उभी रेघ मारली,
रेघेच्या माथ्यावर लिहिलं: शिकवणारी बदलली.
रुला मॅडमनी विचारलं, कोण बदली आलं?

मग मी गप्प राहायला शिकले, ते फार अवघड गेलं.
जीभ टाळ्याला लावून ठेवायचे.
चार सेकंदांचे अकरा झाले, एकदा पन्नास,
मधेच एका रविवारी पुन्हा तीन.
चाव्याचे वळ पिवळे पडून गेले.

काल सात तुकड्यांचं कोडं होतं, चौथा त्याच्या हातात.
त्याने तो पालथा ठेवला
आणि म्हणाला, मोठ्याने, पहिल्यांदाच काही म्हणाला:
"बस."

मी घाई केली नाही.
खाली पिवळी गाडी आली होती, तिलाही बसच म्हणतात.
पण त्याने खिडकीकडे पाहिलं नाही.
माझ्याकडेही नाही;
माझ्या मुठीकडे, मग माझ्या तोंडाकडे,
जिथून तो शब्द इतके दिवस खोटा निघत होता.

सुजीवाने बूट खाली ठेवले.
मी कोडं बाजूला सारलं, मूठ उघडली,
झाकण भिरभिरलं.
वहीत लिहायचं होतं: मदतीशिवाय, अकरा वाजून चाळीस.
पण त्याआधी, मिरजेची मी,
ऐकलं तसं केलं.
फरशीवर, त्याच्या खुर्चीशेजारी,
बसले.