डावी मागची

स्प्रिंगा निघाल्या. चौपन्न सालच्या शेवरलेच्या,
गंजून तपकिरी, हाताला जड.
भिंतीशी उभ्या करून ठेवल्या,
टाकवेनात.

एस्पान्योलात गाडी जितकी खाली
तितकी इभ्रत वर.
बाबांच्या काळी डिकीत वाळूची पोती असत,
डावीकडे चार, उजवीकडे तीन,
त्या वर्षी पुढच्या सीटवर आई बसायची
आणि आईच्या पोटात मी.

आता वाळूच्या जागी हवा.
रबराच्या चार पिशव्या, निळी नळी,
टाकी, आणि धापा टाकणारा कॉम्प्रेसर.

बाबा गॅरेजच्या दारात, खुर्चीवर.
त्यांच्याही नाकात नळी,
चाकावरचं सिलिंडर गुडघ्याला टेकलेलं.
"गळतंय," म्हणाले.
त्यांना कानानं कळतं, मला साबणाच्या पाण्यानं:
ब्रश फिरवला, तर डाव्या मागच्या जोडावर
एक बुडबुडा फुगत होता, निवांत.

टेप गुंडाळली. आवळलं. बटण दाबलं.
गाडी म्हशीसारखी उठली, आधी मागून.
सीट बाबांच्या कमरेशी आली
आणि कित्येक महिन्यांनी
ते कुणाचा हात न धरता आत बसले.
मग हवा सोडली.
फुस्स.
बंपर रस्त्याशी बोलायला लागला.

गावातून एकच फेरी, चालण्याच्या वेगानं.
कुणी हात हलवला नाही,
नुसत्या हनुवट्या उचलल्या: डेल्फिनो.

सकाळी पाहते, तर डावी मागची बाजू
दोन बोटं खचलेली.
"असू दे," बाबा म्हणाले,
"एवढं तर माझंही गळतं."

मी साबण कालवायला घेतला.