बसलेल्याची जागा

सेगेडमध्ये डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
थंडखोलीत तेक्ला
उंदरांच्या मेंदूतल्या पडद्यांचं दुधाळ पाणी
नळ्यांत वाढते,
पंगतीत ताक वाढावं तसं, थेंब न सांडता.

पहिल्या नळ्या कोऱ्याच ठेवायच्या.
दुसऱ्यांत मॅलेइमाइड. एवढासा रेणू.
प्रथिनाच्या अंगावर गंधकाचं टोक कुठे उघडं दिसलं
की जाऊन चिकटतो.
धुवा, पुन्हा धुवा,
चिकटला तो चिकटला.
मागाहून औषध येतं,
उंबऱ्याशी घोटाळतं
आणि पाण्याबरोबर निघून जातं.

कुलूप आणि किल्ली, असं शिकवतात पोरांना.
तेक्लाला ते कधी पटलं नाही.
किल्ली आली म्हणून
कुलूप कधी कूस बदलतं?

आज तिनं क्रम उलटा केला.
आधी औषध जाऊ दिलं,
बसू दिलं ऐसपैस, मांडी घालून.
मग सोडलं मॅलेइमाइड.
मग औषधालाही धुऊन काढलं
आणि रिकाम्या जागा नव्यानं मोजल्या.

यंत्रानं कागदाची पट्टी बाहेर टाकली :
कोरी, चार हजार एकशे बारा.
चिकटलेली, सहाशे नव्वद.
आणि ही, तीन हजार चारशे सात.
तिनं वहीत लिहिलं,
‘बसलेला उठून गेला, तरी जागा शाबूत.’
मग ते खोडून नुसते आकडे लिहिले.

पूल ओलांडताना खाली तिसा दिसत नव्हती,
नुसतं धुकं.
हाच पूल बापानं दोनदा रंगवला होता, दोरावर लटकून.
आता दुखणं त्याच्या हाडांत आहे
आणि मॉर्फिन नोव्हेंबरपासून तीनदा वाढवलंय.
मात्रा चालत नाही, म्हणतात डॉक्टर.

‘आज काय केलंस?’ लोरान्द रोज विचारतो.
तिनं सांगितलं. आधी कोण बसलं, मग कोण आलं,
कोण वाचलं.
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
‘उशिरा सुचलं तुला,’ म्हणाला,
आणि हसला, की कण्हला,
तिला नीट कळलं नाही.

नाताळचा खसखशीचा रोल तिनं डब्यातून आणला होता.
इथली खसखस काळी, शाईसारखी.
दोन घास खाल्ले त्यानं.
एक दाणा कवळीखाली अडकला.
जीभ फिरवली, बोट घातलं, शिवी दिली,
पाणी मागितलं, पुन्हा शिवी दिली.

अर्धा तास
दुसरं काही दुखत असल्याचं
तो बोलला नाही.