टिंब

रॉटरडॅमच्या शाळेत नाव घालताना
कारकूनबाईंनी मुलीच्या नावावरचं टिंब उडवलं.
म्हटलं, राहू द्या.
सात वर्षं ती टिंबाशिवायच वाढली.

देश कुठला, असं कुणी विचारलं
तर मी नकाशावर अंगठा ठेवायचो,
अख्खा झाकला जायचा.
लिथुआनिया. हो, तोच. नाही, लाटविया वेगळा.
बीट, बटाटे
आणि निघून गेलेली माणसं.

परवा खताची पोती घेऊन तिकडं गेलो होतो,
शेशुपे नदीच्या अलीकडं टायर फुटला.
जानेवारी. चारलाच अंधार.
ब्रोन्यूस नावाचा, मधमाश्या पाळणारा म्हातारा
जॅक घेऊन आला,
माझे हात बघून आधी घरातच घेऊन गेला,
बिटाचं कढत कालवण पुढं ठेवलं.
कोपऱ्यात लोण्याचं एक लाकडी पिंप.
त्यात खांद्यापर्यंत हात घालून
त्यानं तळ उचलला.
खाली अजून एक तळ.

"पणज्याचं. वर लोणी, खाली अंकलिप्या."

झारनं आमची अक्षरं बंद केली होती, चाळीस वर्षं.
हे शाळेत शिकलो होतो, दोन गुणांना.
शिकलो नव्हतो ते हे, की
नदीवरचा बर्फ कडकडला
तर वजन पसरावं म्हणून पणजा पालथा पडून राहायचा,
छातीखाली मुळाक्षरं.
आणि तिसऱ्या खेपेला शिपायांनी धरला
तेव्हा त्यातलं एकही
त्याला वाचता येत नव्हतं.

"मग कशाला?"
ब्रोन्यूसनं खांदे उडवले.
"थोडे पैसे मिळायचे.
आणि बायकोला यायचं वाचता."

पिंपाला अजून आंबूस वास होता.
माझ्या बोटांना तो टायर बदलल्यावरही राहिला.

रात्री ट्रकच्या केबिनमध्ये
डिझेलच्या पावतीमागं मुलीचं नाव लिहिलं.
उग्ने. आमच्या भाषेत विस्तवाचं नाव.
शेवटच्या अक्षरावर टिंब दिलं.
पेन गोठलं होतं,
दोनदा गिरवावं लागलं.

आज पुन्हा त्याच खिडकीशी उभा आहे.
बाई म्हणतात, संगणक हे अक्षर घेत नाही.
मागं रांग वाढतेय.
पोरगी बाही ओढतेय, बाबा, चला ना,
सगळे बघतायत.

घेईल, मी म्हणतो.
थांबतो मी.