सदतीस नंबर

धकातेच्या दुकानात बरण्यांच्या वर लटकायची लड.
रुपयाला एक पाकीट,
आत गुलाबी च्युइंगम, वाळल्या पापडासारखं,
आणि तीन क्रिकेटर.
दाबून पाहिलं की धकातेकाका खेकसायचे,
"आंबे हायेत का बे ते?"

गोळीबार चौक, मे महिना, दुपारचे दोन.
तांडापेठेत फक्त मागांचं खट्-खटाक्,
आणि परात्यांच्या ओट्यावर चार फूट सावलीत
आम्ही पाच जण.
मी एकटी मुलगी,
म्हणून माझं पाकीट सगळ्यांत शेवटी फोडायचं,
हा नियम कोणी केला ते आठवत नाही.

नंदू बोकडे दातानं फाडायचा.
हेमू आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा.
इस्माईल च्युइंगम आधी तोंडात टाकायचा, मग कार्डं बघायचा.
गजू पराते वडिलांच्या ब्लेडनं, सरळ रेषेत,
त्याला रिकामी पाकिटंही हवी असत.
मी नखानं, कडेकडेनं, जमेल तितकं सावकाश;
न फोडलेल्या पाकिटात सगळेच असतात.

मग पिठीसाखर लागलेल्या मिशा फुंकून
आमचं सुरू व्हायचं.
"रन?"
"चार हजार दोनशे."
"हट्! पाच हजार एक. आण इकडे."
"विकेट?"
"काऊन बे, बॅट्समनले विकेट इचारतं?"

माझ्याकडे एक विकेटकीपर पाच वेळा आला.
बावीस नंबर. मॅच चार, रन एकोणीस.
नाव सांगत नाही, त्याचंही कोणी असेल.
पाचही दिले असते,
इस्माईलनं बदल्यात फुटकी गोटीसुद्धा काढली नाही.

पन्नासातला सदतीस मात्र कोणालाच निघेना.
"सदतीस नागपूरले येतच नाही," हेमू म्हणाला,
"मुंबईवालेच ठेवून घेतेत."
माझे बाबा, शर्टाला वेगळ्या विदर्भाचा बिल्ला,
पेपरातून मान वर न काढता म्हणाले,
"बरोब्बर हाय."
त्यानंतर पाकिटाला पैसे मागितले
की ते कधी नाही म्हणाले नाहीत.

दिवाळीनंतर गल्लीत एकेक माग थांबत गेला.
आधी शेवटच्या घरातला, मग बोकड्यांचा.
परात्यांचा थांबला तेव्हा
दुपारी पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
गजूचे वडील सुरतेला निघाले, पॉवरलूमवर,
गजूसकट, रात्रीच्या गाडीनं.
जाताना तो सायकलच्या ट्यूबच्या रबरात बांधलेली
थप्पी देऊन गेला.
"मोजून घेजो."
बस, एवढंच.

मोजली.
एक ते छत्तीस. अडतीस ते पन्नास.
मधे एक पुठ्ठा, जॅकार्डच्या पट्टीतला,
भोकाभोकांचा, ब्लेडनं नेमका त्याच मापात कापलेला.
वर निळ्या बॉलपेननं:

नंबर ३७
दामोदर पराते
उजव्या हातानं धोटा
मॅच: सव्वीस वर्षं
लुगडी: लय
सर्वोच्च: एका रात्रीत अर्धं, नवरीचं
आउट: अजून नाही

परवा भाचा आला.
सीताबर्डीतून आणलेली त्याची पाकिटं चंदेरी,
पन्नास रुपयांना एक, च्युइंगम नाहीच.
फाडली, पसरली, चमकली.
मी कपाटातून माझी थप्पी काढली.
रबर हात लावताच तुटलं.

त्यानं सदतीस उचललं, मागं पाहिलं,
भोकांतून एकदा ट्यूबलाइटकडेही पाहिलं.
"मावशी, याचे पॉइंट कुठं?"
"आधी खेळ," मी म्हटलं. "माझी पाळी. लुगडी?"

त्यानं आपली सगळी कार्डं उलटून पाहिली.
एकाच्याही नावावर एक नव्हतं.
नियम तो नियम.
तोंड वाकडं करून त्यानं
आपला सगळ्यांत चमकणारा
माझ्याकडे सरकवला.