किमान दहा पौंड

अठरा वर्षं माझा संबंध फक्त नाण्यांशी होता.
लोक यायचे, आपलं धुणं आपण यंत्रात कोंबायचे,
काचेआड गरगरणाऱ्या आपल्याच बाह्या बघत बसायचे
आणि निघून जायचे.
फॉल रिव्हरच्या अर्ध्या गावाची मला ओळख होती ती
नोट पुढे करणाऱ्या हातांपुरती.

गेल्या हिवाळ्यात देओलिंदानं, माझ्या नणंदेनं, हट्ट धरला:
"नुसती यंत्रं फिरवून विजेचं बिल तरी सुटतं का, झुलमिरा?
आपण धुऊ, वाळवू, घड्या घालून देऊ.
पिशवी टाकून जा म्हणावं."

मासळीच्या धक्क्यावर मोडीत निघालेला काटा आणला.
लिंबानं तीनदा घासला, तरी पहिले आठ दिवस
लोकांचे पायमोजे
कॉडच्या भावानं तोलतेय असंच वाटायचं.
फळ्यावर खडूनं लिहिलं:
पौंडाला दीड डॉलर. खिसे तपासून द्या. किमान दहा पौंड.

खिसे कुणीच तपासत नाही.

घड्यांवरून आम्ही दोघी भांडलो.
ती टॉवेलची तिहेरी घालते, मी चौपदरी.
माझ्या संसाराची घडी विस्कटली ती विस्कटलीच,
पण टॉवेलची बसवता येते मला,
तिथे कुणाचं ऐकून घेणार नाही.

आणि नको ते कळायला लागलं.
रातपाळीच्या नर्सबाईंच्या झग्याची कंबर
दोनदा उसवून सैल केलेली.
कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांकडून
एका मोठ्या चादरीऐवजी दोन लहान येऊ लागल्या.
मी पिशवीची गाठ मारते, चिठ्ठी लावते,
"थंडी फार आहे, नाही?" म्हणते.
तोंड मिटून ठेवणं त्या दीड डॉलरातच आलं.

बेल्मिरो फुर्तादो दर गुरुवारी येतात.
पडद्यांच्या गिरणीत चाळीस वर्षं माग दुरुस्त करत होते,
अजून मोठ्यानं बोलतात.
त्यांची पिशवी काट्यावर ठेवली
की काटा दहावर येऊन थांबतो. वर दोन-तीन औंस, बस.

आत दोन सदरे, एक विजार, बनियन.
खाली बायकांचे तीन झगे, लोकरीचं जाकीट,
क्रोशाच्या काठाचा एप्रन.
बटणं गळ्यापर्यंत लावलेली.
निळा झगा उचलून हुंगला, सवयीनं,
तर वास आमच्याच साबणाचा.
आणि घडी माझी.
गेल्या गुरुवारची. न मोडलेली.

देओलिंदाला सांगितलं तर म्हणाली,
"एकट्या माणसाचं धुणं असून असून किती? सहा पौंड.
उरलेल्याचे पैसे कसले घेतेस? मापात पाप नको."
खरंच होतं.
स्टुलावर चढून ती ओळ पुसली.

पुढच्या गुरुवारी मीच म्हटलं,
"सेन्योर बेल्मिरो, आता किमान-बिमान काही नाही.
असेल तेवढंच आणा."
त्यांनी फळ्याकडे पाहिलं.
ओल्या फडक्याचा डाग अजून दिसत होता तिथं.
पिशवीवरचा हात काढला नाही.
"नियम राहू दे," म्हणाले.
पहिल्यांदाच हळू बोलले. यंत्रांच्या आवाजात
मला पुढे वाकावं लागलं.
"चार पौंड मला कमीच पडतात."

ते गेल्यावर मी पुन्हा स्टुलावर चढले.
देओलिंदा खालून खडू देताना काही बोलली नाही,
जी गोष्ट वर्षाकाठी एकदा घडते.

निळा झगा आता मीच घेते.
कोमट पाणी, हलका फेरा, वाळवणी अर्धीच,
बाकी दांडीवर.
एकाच रेषेवर घडी पडत राहिली
की कापड तिथंच विरतं, हे गिरणीवाल्याला काय सांगायचं!
दर गुरुवारी मी ती बोटभर सरकवून घालते.