तिसरी कॉफी

सारायेव्होत व्रात्निकचा चढ चढताना
दोनदा दम लागतो.
पहिला भिंतीला टेकून घालवायचा,
दुसरा झुम्राच्या दारात.

आत पाच टेबलं. पाचव्याचा एक पाय आखूड,
त्याखाली विजेचं जुनं बिल, चौघडी केलेलं.
भरलेलं आहे, हे ती आवर्जून सांगते.

जेझ्वेत फेस वर येतो
रुसून घर सोडणाऱ्या पोरासारखा.
झुम्रा नुसती बघते त्याच्याकडे,
तो निमूट बसतो.
मग तांब्याचं तबक, कान नसलेला इवला पेला,
पाण्याचा ग्लास, साखरेचे दोन खडे.
साखर कॉफीत टाकायची नाही.
कोपरा बुडवायचा, दातांनी तोडायचा
आणि त्यावरून घोट जाऊ द्यायचा, सावकाश.
घाई असेल तर खाली ट्रामच्या थांब्यापाशी
नाणं टाकायचं मशीन आहे.
मशीन हा शब्द ती शिवीसारखा उच्चारते.

आमच्याकडे कॉफ्या तीन.
पहिली, या बसा म्हणणारी.
दुसरी बोलण्याची. तिला शेवट नसतो,
तिच्यात सोयरिकी जुळतात, गुडघे दुखतात,
महापौर रोज एकदा पडतो.
तिसरीचं नाव सिक्तेरुशा.
म्हणजे, सभ्य भाषेत, उठा आता.
घरची बाई ती न बोलता आणून ठेवते,
पाहुणा न बोलता पितो
आणि टोपी शोधू लागतो.

झुम्राने तिसरी कधी कुणाला दिली नाही.
वेयसिल घड्याळजीला तर नाहीच.
हातका गेल्यापासून तो आठाच्या ठोक्याला येतो,
दिवे लागेपर्यंत दुसरीच पीत राहतो.
डोक्यावरचं घड्याळ सात मिनिटं मागे.
जन्मभर दुसऱ्यांची वेळ सुधारलेला माणूस,
पण त्याला हात लावत नाही.
"चालतंय ना," म्हणतो.

जानेवारीत असं धुकं पडलं
की खालचं शहर कुणीतरी पुसून टाकलं.
झुम्रा तीन दिवस खोकत होती.
चौथ्या दिवशी फेस उतू गेला.

तेवढंच झालं. शेगडी चर्र वाजली.
आंकित्साच्या विणकामाच्या सुया थांबल्या.

वेयसिल उठला. गल्ल्यामागे गेला,
जिथे एकवीस वर्षांत तिच्याशिवाय कुणी गेलं नव्हतं.
केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारे हात,
पण अर्धी कॉफी ओट्यावर सांडली.
तबक तिच्यापुढे ठेवलं.

"ही कितवी?"

"तिसरी."

मग ती त्याला जे बोलली
ते कवितेत लिहिता येणार नाही,
त्यात त्याची आई होती आणि एक गाढव होतं.
प्यायली मात्र सगळी.
"चिखल," म्हणाली. ओढणी शोधली.
चार घरं वर तिचं दार लागल्याचा आवाज
आम्ही सगळ्यांनी कान देऊन ऐकला.

नऊ वाजले. घड्याळात अजून वाजायचे होते.
कुलूप कसं लागतं कुणालाच ठाऊक नव्हतं,
म्हणून बसून राहिलो.
नेदिमने शेगडीत लाकूड सारलं,
आंकित्साने सुटलेला टाका उचलला.
गल्ल्यामागून वेयसिलने विचारलं,
"दुसरी कोण घेणार?"

चिखलच होता.
आम्ही पेले पुढे केले.