दोर सोडताना

अ‍ॅशचं झाड. शेंड्याकडून वाळत आलेलं,
बुरशीनं पोखरलेलं,
बेथेस्डाच्या चढावर दोन घरांच्या बेचक्यात.
खाली तेग्वेनबाईंचं काचघर, टोमॅटोंसकट.

वर माबली. मेल्या लाकडावर तिचा भरवसा नाही,
म्हणून तिचा स्वतःचा दोर शेजारच्या ओकला.
फांदीचा दोर कप्पीतून खाली,
बुंध्याला अडीच वेढे,
आणि टोक माझ्या हातात.

"धरून ठेवायचं नाही," इद्वल पहिल्या दिवशी म्हणाला होता.
आधी स्लेटच्या खाणीत होता तो, डाव्या हाताला तीनच बोटं.
"झटक्यात थांबवलंस की वरच्याला हिसडा बसतो.
जाऊ दे. पण तुझ्या मर्जीनं जाऊ दे."

करवत थांबते. कडाड.
फांदी क्षणभर कुणाचीच नसते,
मग सगळं वजन हातमोज्यांत उतरतं.
वेढे कण्हतात, तापल्या दोराचा वास,
आणि अरुंद जिन्यावरून कपाट उतरवावं
तशी ती छपराच्या कडेनं
वळत, थबकत, काचेला वळसा घालून
गवतावर टेकते.

दुपारपर्यंत सतरा.
एक पन्हळ वाकली, ती माझी चूक.

तेग्वेनबाई चहा घेऊन आल्या.
वर बघत म्हणाल्या, आता स्वयंपाकघरात ऊन येईल.
कप खाली ठेवले, आणि कुणाला कोण जाणे:
"इतकं नको होतं मला."

रात्री जेवताना
काटा माझ्या हातातून सुटला.
दोनदा.
हळूहळू.